गल्लीतली शेवटची तोटी

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागं एक कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यावर आईच्या अक्षरात दर चार-पाच दिवसांनी एक ‘पा’ काढलेला असतो आणि खाली वेळ. रात्री २.१०. पहाटे ४. दुपारी १२.३०. पा म्हणजे पाणी. दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, कुणाचं बारसं, हे सगळं त्याच कॅलेंडरवर असतं, पण ते पेनानं. ‘पा’ तेवढा पेन्सिलीनं. पुढचं पाणी कधी येईल याचा अंदाज आई आधीच लिहून ठेवते आणि बहुतेक वेळा तो खोडावा लागतो. दाते पंचांग आमच्याच गावचं. ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष मिनिटासकट सांगतं. पण सोलापुरात नळाला पाणी केव्हा सुटेल हे गणित अजून कुणाला बसलेलं नाही.

म्हणजे मी पाण्याची तक्रार करायला बसलोय असं समजू नका. उजनी धरण, भीमा नदी, शंभरेक किलोमीटरची पाईपलाइन, ऊस, वाटप, या सगळ्यावर माझ्यापेक्षा जाणती माणसं बोलतात. मला सांगायचंय ते एका मोटारीबद्दल. अर्ध्या हॉर्सपॉवरची, निळ्या रंगाची, उचलली तर एका हातात मावणारी. ती मी आणली, मीच बसवली आणि तिच्यामुळं माझी माझ्याविषयीची बरीच मतं खोडावी लागली. पेन्सिलीनं लिहिली असती तर बरं झालं असतं.

त्याआधी थोडं पुण्याचं. तिथं मी चौदा वर्षं नोकरी केली. एका वर्षी कंपनीनं आम्हाला दोन दिवस एका रिसॉर्टवर नेलं. ‘मूल्याधारित जगणं’ असा काहीतरी विषय होता. एका बाईंनी प्रत्येकाच्या हातात पत्त्यांच्या कॅटएवढी कार्डं दिली. प्रत्येक कार्डावर एक शब्द. सचोटी, साहस, स्वातंत्र्य, कृतज्ञता, शिस्त असे पन्नासेक. त्यातली आपली वाटतील ती दहा काढा, मग पाच ठेवा, मग तीन. शेवटचं कार्ड टाकताना लोक खरोखर रडकुंडीला आले होते. माझ्याकडं उरली ती सचोटी, सहानुभूती आणि कुटुंब. तिघांचे स्टिकर मी लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवले. पुढं चार वर्षं ते तिथंच होते. कडा काळ्या पडल्या, ‘सहानुभूती’तली ‘ती’ निघून गेली आणि नुसती ‘सहानुभू’ उरली.

हसण्यासारखं होतं, पण मी तेव्हा हसलो नाही. मला ते मनापासून पटलं होतं. माणसानं वाहवत जाऊ नये, ठरवून जगावं, आपल्याला काय महत्त्वाचं आहे ते आधी पक्कं करावं आणि मग दिवस त्याप्रमाणं मांडावा. अजूनही यात चूक आहे असं मी म्हणणार नाही. फक्त ते कार्ड काढताना माझ्या खिशातून काहीच जात नव्हतं, एवढंच.

२०२० च्या मे महिन्यात आम्ही तिघं, मी, बायको आणि सात वर्षांची मुलगी, सोलापूरला परत आलो. काम घरून सुरू होतं. अण्णा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि आई पूर्व भागातल्या त्या घरात एकटी होती. आमची गल्ली म्हणजे अकरा घरं. एका बाजूला यंत्रमागाचे दोन छोटे कारखाने, जे आता दिवसातला अर्धा वेळ बंद असतात. बाकी घरांतून सकाळी तेलुगू, दुपारी कन्नड आणि भांडण झालं की मराठी ऐकू येतं. मुख्य लाइन गल्लीच्या तोंडाशी आहे. तिथून पाणी आत शिरतं आणि एकेक घर करत शेवटाकडं जातं. आमचं घर पाचवं. शेवटचं, अकरावं घर अक्कांचं.

पुण्यातल्या सोसायटीत पाणी चोवीस तास यायचं. उन्हाळ्यात टँकर यायचे, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये कापले जायचे. मी किती पाणी वापरतो हा प्रश्न मला चौदा वर्षांत एकदाही पडला नाही. इथं पहिल्याच आठवड्यात पडला. मी माणूस एक्सेलचा. हिशेब मांडला. अंगणातला हौद हजार लिटरचा, स्वयंपाकघरातलं पिंप दोनशेचं, चार हंडे पंधरा-पंधरा लिटरचे. झाले १२६०. पाच दिवस, चार माणसं. माणशी रोज ६३ लिटर. शहरासाठी सरकारी मापदंड १३५ लिटरचा आहे. म्हणजे निम्म्याहून कमी. मी आईला स्क्रीन दाखवली. ती म्हणाली, “हौद तळापर्यंत धरलास का? खालची वीतभर गाळ असतोय.”

आईचा हिशेब एक्सेलमध्ये बसत नाही. तो क्रमाचा आहे. पाणी सुटलं की पहिली दोन-तीन मिनिटं ते गढूळ येतं, ते बादलीत धरायचं, संडासाला. मग धार स्वच्छ झाली की तांब्याचा हंडा. मग देवाची घागर. मग एक चपटी मातीची वाटी, जी भिंतीवर चिमण्यांसाठी ठेवलेली असते. मग पिंप. मग हौद. मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा मला ती वाटी खटकली. हौद रिकामा आहे, पाणी किती वेळ राहील ते ठाऊक नाही, आणि ही बाई चिमण्यांची वाटी विसळतेय. विसळण्यात तांब्याभर पाणी गेलं. मी म्हणालो, “ते शेवटी भर की.” ती म्हणाली, “शेवटी राहातंय होय?”

नुसत्या भरण्याचा नाही, ओतण्याचाही क्रम आहे. ताजं पाणी आलं की शिळं ओतून द्यायचं ही आमच्याकडं घरोघरची रीत. चार दिवस पाणी जपायचं आणि पाचव्या दिवशी उरलेलं गटारीत सोडायचं. गावाला तहान लागलेली असताना हा प्रकार बाहेरून येणाऱ्याला वेडेपणाचा वाटतो, आणि तो आहेही. आई मात्र शिळं पाणी ओतत नाही. पाणी यायच्या अंदाजाच्या दिवशी ती चादरी काढते. सोलापुरी चादर भिजली की तिचं वजन काय होतं ते धुणाऱ्यालाच कळतं. उरलेल्या पाण्यात चादरी भिजतात, त्याच पाण्यानं अंगण निघतं, अंगणातलं वाहून जातं ते कढीपत्त्याला. अंदाज चुकला आणि पाणी आलंच नाही तर घरात भिजलेल्या चादरी आणि कोरडा हौद. तसंही दोनदा झालंय. त्या रात्री आम्ही जेवणाची ताटं वर्तमानपत्राच्या कागदानं पुसली होती.

पोट आणि जमीन या दोन्हींना कमीत भागवायची सवय या भागाला जुनीच. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. तोही लहरी. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी पाऊस संपल्यावर पेरली जाते आणि काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर निघते. वरून थेंब न पडता. तिची कडक भाकरी महिना महिना टिकते, आणि तिच्यासोबत शेंगाचटणी. पण एवढ्यावरून इथली माणसं टंचाईनं शहाणी झाली असा निष्कर्ष काढू नये. टंचाईनं माणूस आईसारखा क्रम लावायला शिकतो, आणि टंचाईनंच माणूस मोटार आणतो. मी दुसरं केलं.

मोटारीचं काम सोपं आहे. नळाला तोंड लावायचं आणि लाइनमधलं पाणी ओढून घ्यायचं. लाइनला दाब कमी असतो. पाचव्या घरानं ओढलं की सहाव्याकडं तेवढा कमी जातो. सगळ्यांनी ओढलं की ज्याची मोटार मोठी त्याला जास्त, आणि ज्याच्याकडं नाही त्याच्या तोटीतून नुसती हवा. नळाला थेट मोटार लावायला बंदी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. मोटारी बाजारात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, हेही माहीत आहे. मी आणली तेव्हा गल्लीत सहा होत्या. माझी सातवी. मी स्वतःला काय सांगितलं असेल ते तुम्हाला ठाऊकच आहे, कारण तुम्हीही कुठल्या ना कुठल्या बाबतीत स्वतःला तेच सांगितलेलं असणार. आईचं वय झालंय. मला पहाटे मीटिंग असते. सगळेच लावतात.

कुटुंब. तीन कार्डांतलं एक. त्याच कार्डाच्या जोरावर मी मोटार लावली. हे मला फार नंतर लक्षात आलं.

आई काही म्हणाली नाही. मोटार सुरू झाली की ती आत निघून जायची. पंधरा मिनिटांत हौद भरायचा. आधी दोन तास जागं राहावं लागायचं, आता मी बटण दाबून परत झोपायचो. बारा आठवडे असं चाललं. कॅलेंडरवरच्या ‘पा’खाली आई वेळ लिहायची थांबली, तेही मला तेव्हा दिसलं नाही.

अक्का विड्या वळतात. सोलापुरात हजारो बायका वळतात, त्यांच्यातल्या एक. आठवड्याचं पान आणि तंबाखू कारखान्यातून घेऊन यायचा, घरी वळायचं आणि मोजून द्यायचं. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्टे म्हणजे हजार, आणि मजुरी हजारावर. मी लहानपणापासून त्यांच्या ओट्यावर बसून ते पाहिलंय. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री. पत्र्याचा एक चौकोनी तुकडा पानावर ठेवायचा आणि त्याच्या कडेनं पान कापायचं, म्हणजे सगळी एका मापाची निघतात. मग चिमूटभर तंबाखू, बोटांची एक फिरकी, तोंड दुमडायचं, दोऱ्याचे वेढे. या सगळ्याच्या आधी एक गोष्ट लागते, जी मला चाळीस वर्षांत सुचली नव्हती. तेंदूचं पान कोरडं असतं. ते भिजवून, ओल्या फडक्यात बांधून रात्रभर ठेवावं लागतं. नाहीतर वळताना फाटतं. पाणी नाही तर पान नाही, पान नाही तर हजार भरत नाहीत.

ऑगस्टमधल्या एका सकाळी त्या आमच्या दारात आल्या. हातात दोन घागरी. “पाणी आलं की काय तुमच्याकडं? आमच्याकडं नुसतं फुर्र फुर्र करलालंय.” तक्रारीचा सूर नव्हता. अकरा घरांच्या गल्लीत रात्री अडीच वाजता सात मोटारी घुमतात, ते त्यांना ऐकू येत नसेल असं होणार नाही. त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मी म्हणालो, “घ्या की अक्का, लागतील तेवढ्या घ्या.” स्वतः हौदातून दोन्ही घागरी भरून त्यांच्या घरापर्यंत नेऊन ठेवल्या. परत येताना मला फार बरं वाटत होतं. पाठीवर ऊन, हाताला घागरीची रग, आणि छातीत ते कार्ड. सहानुभू.

दुपारी आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, “अक्काला दोन घागरी दिलास म्हणं.”

“दिल्या.”

“कुणाच्या?”

एवढंच. भाकरी तव्यावर गेली, तिनं तिच्यावर पाण्याचा हात फिरवला.

मंगळवेढा आमच्या जिल्ह्यातलंच. दामाजीपंतांची गोष्ट आम्हाला शाळेत नव्हे, पाळण्यात सांगितली जाते. दुष्काळात माणसं दारात येऊन पडली तेव्हा पंतांनी बादशहाची धान्याची कोठारं उघडली. धान्य त्यांचं नव्हतं. ते कुणाचं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि दिलं तर मान जाईल हेही. लोक म्हणतात, विठोबा विठू महाराचं रूप घेऊन बिदरला गेला आणि धान्याचे पैसे भरून आला. लहानपणी मला त्या गोष्टीत विठोबा आवडायचा. त्या दुपारी मला कोठाराच्या किल्ल्या दिसल्या. पंतांनी दुसऱ्याचं दिलं आणि त्याची किंमत आपल्या मानेवर घेतली. मी अक्कांचंच पाणी रात्री ओढून घेतलं, सकाळी त्यातलंच दोन घागरी त्यांना दिलं आणि वर पुण्यही पदरात पाडून घेतलं. किंमत काहीच नाही. उलट मिळकत.

त्या रात्री मी अण्णांचा विचार करत बसलो. अण्णा एका कारखान्यात जॉबर होते. मागाला काही झालं की यांना हाक. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादर चालू असताना एक धागा तुटला तरी नक्षीत रेघ उठते. ती लगेच दिसत नाही, चादर उलगडली की दिसते. मजुरी नगावर असल्यामुळं माग थांबवणं म्हणजे पैसे थांबवणं. अण्णा थांबवायला लावायचे, म्हणून कामगार त्यांना पाठीमागं शिव्याही द्यायचे. गल्लीत पाच मोटारी आल्या, सहा आल्या, अण्णांनी शेवटपर्यंत लावली नाही. रात्री उठून बसायचे, करंगळीएवढ्या धारेखाली हंडा ठेवून बिडी ओढत. तेव्हा मला ते हट्टी वाटायचे. आता माझ्या मनात त्यांचा पुतळा उभा राहायला लागला. तत्त्वाचा माणूस. माझे वडील.

सकाळी मी आईला तसं म्हटलं. ती हसली. मोठ्यानं. “तत्त्व कसलं रे? तीस वर्षं मागाच्या खडखडाटात गेली त्यांची. घरात मोटारीचा आवाज नको म्हणायचे. डोकं उठतंय म्हणायचे.”

मला खूप दिवस ते खुपत राहिलं. म्हणजे अण्णांच्या हातून अक्कांवर अन्याय झाला नाही तो केवळ त्यांच्या कानांमुळं? की आईला सांगायचं कारण एक आणि खरं कारण दुसरं? आमच्या पिढीला प्रत्येक गोष्टीचा हेतू हवा असतो, शक्यतो एका शब्दात, स्टिकरवर मावेल असा. त्या माणसाला रात्री अडीचला धारेखाली हंडा ठेवून बसायला आवडतही असेल. विचारायला ते आता नाहीत. मी एवढंच मोजू शकतो की ते होते तोवर अक्कांच्या तोटीला एका मोटारीचं पाणी जास्त येत होतं.

मी मोटार काढली. इथं गोष्ट संपली असती तर मला लिहिताना मजा आली असती. पण पाण्याचं शास्त्र आडवं आलं. माझी मोटार बंद झाली, बाकीच्या सहा सुरूच होत्या. माझ्या शेजारचे काका, ज्यांची मोटार एक हॉर्सपॉवरची आहे, त्यांनी मला ओट्यावर बसवून समजावलं. “का बे, पुण्यात हेच शिकलास का? तू मोटार काढलास तर तुझं पाणी अक्काकडं जात नाही, माझ्याकडं येतंय. काढ की. मी कशाला नको म्हणू?” चहा पाजला वर.

काका खरं बोलत होते. मी अक्कांच्या घरी घड्याळ लावून पाहिलं. सात मोटारी चालू असताना त्यांच्या तोटीला धार नव्हती. सहा चालू असताना धार नव्हती. माझ्या एकट्याच्या चांगुलपणानं फक्त एक गोष्ट झाली होती, माझा हौद अर्धा राहू लागला होता. मग मी इरेला पेटलो. घरोघर गेलो. कागदावर गल्लीचा नकाशा, पाईपचा व्यास, बाण. पहिला अर्धा तास कुणीच मोटार लावायची नाही, शेवटच्या तीन घरांचं पिण्याचं भरून होईल, मग लावा. तीन घरं तयार झाली. दोघांनी बघू म्हटलं. एकानं दार उघडलं नाही. सप्टेंबरातल्या एका रात्री आम्ही चार मोटारी अर्धा तास बंद ठेवल्या आणि मी मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन अक्कांच्या तोटीपाशी उभा राहिलो. पंधरा लिटरचा हंडा सहा मिनिटांत भरला. मी तो आकडा काकांना दाखवला, आईला दाखवला, पुण्यातल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, टाळ्या आल्या.

रोज पहाटे मी सिद्धेश्वर तलावाला फेरी मारतो. त्या दिवशी चालताना छाती थोडी जास्तच पुढं होती. तो तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना सोबत घेऊन खोदला. शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या वाटेनं गेलेल्या संतांच्या बोलीत याला कायक म्हणतात, श्रमच पूजा. गावाला पाणी मिळावं म्हणून हातात कुदळ घेतलेला योगी, असं त्यांचं चित्र प्रत्येक सोलापूरकराच्या मनात आहे. पण त्यांच्याबद्दलची एक गोष्ट आपण कमी सांगतो. खोदकाम जोरात चालू असताना शरणांमधले थोर संत अल्लमप्रभू तिथं आले आणि कामावरच्या माणसांना विचारू लागले, तुमचा तो ओड्डराम कुठं आहे? ओड्ड म्हणजे दगडमाती फोडणारा. आपल्या गुरूला असं म्हटलेलं ऐकून माणसं चिडली, दगड मारायला धावली. पुढं स्वतः सिद्धराम रागावून आले आणि मग दोघांचं बोलणं झालं. कथेत पुढं बरंच आहे. मला त्यातला तो एक प्रश्न पुरतो. एवढं मोठं तळं खोदणाऱ्याला असं विचारायची छाती कुणाचीतरी होती. मी तर एक हंडा भरला होता, सहा मिनिटांत. घरी येऊन ग्रुपवरचा तो फोटो काढून टाकला. खरं सांगायचं तर तोवर सगळ्यांनी बघून झाला होता.

व्यवस्था टिकली का? टिकते आणि मोडते. थंडीत बरी चालते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तर सगळ्यांचीच मनं मोठी असतात. नंदीध्वजांच्या काठ्या गावातून फिरतात, बाराबंदी घातलेले मानकरी दिसतात, अक्षता सोहळ्याला शहर लोटतं, आणि परत आलेले लोक अर्धा तास मोटार न लावण्याइतके भाविक असतात. मग मे येतो. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, पाणी पाचाचं सहा दिवसांवर जातं, आणि कुणालाच कुणाचं काही वाटेनासं होतं. गेल्या मे महिन्यात बहीण मुलांना घेऊन आली होती. घरात आठ माणसं. पहाटे तीनला पाणी सुटलं आणि मी अर्धा तास थांबलो नाही. माळ्यावरची मोटार काढली, पाईप जोडला, बटण दाबलं. मुलगी जागी झाली होती. तिनं विचारलं, “बाबा, आज आपली पण का?” मी तिला झोप म्हटलं. त्या दिवशी अक्का आल्या नाहीत. घागरी घेऊन त्या आल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

लॅपटॉप आता बदललाय. नव्याच्या झाकणावर काही नाही. कुणी विचारलं तर माझी मूल्यं कोणती हे मला तीन शब्दांत सांगता येणार नाही. हौदाची पातळी सांगता येईल. मुलगी आता अकरा वर्षांची आहे. कॅलेंडरवरचा ‘पा’ तीच काढते, आईच्या डोळ्यांना रात्रीचं दिसत नाही म्हणून. वेळ लिहिते आणि बाजूला एक बारीक आकडा. तो कसला ते मी विचारलं नव्हतं. परवा विचारलं. त्या रात्री किती मोटारी ऐकू आल्या तो, म्हणाली.

मंगळवारी रात्री पावणेतीनला पाणी सुटलं. पहिलं गढूळ बादलीत धरलं. तांब्याचा हंडा लावला आणि ओट्यावर बसलो. अर्धा तास. बाराव्या मिनिटाला काकांची मोटार सुरू झाली. आणखी एक, कोपऱ्यातली. आमच्या तोटीची धार बारीक झाली, करंगळीएवढी. मी उठून बटणापाशी गेलो आणि उभा राहिलो. गल्लीच्या टोकाकडून आवाज येत होता. घागर रिकामी असली की पाण्याचा आवाज जाड येतो, भरत आली की चढत जातो. तो अजून जाडच होता.

आतून आईनं विचारलं, “चिमण्यांचं भरलास का?”

भरलं नव्हतं. मी वाटी विसळायला घेतली.